रिकामा पाय, भरलेला पाय

स्टेशनाच्या पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर तुम्ही उभे आहात. पाय खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे जरासे सैल. सांगोल्यात अजून तांबडं फुटायचं आहे. फोन दगडाला टेकवलेला आहे आणि त्यातला माणूस दोन्ही तळवे सावकाश आभाळाकडे नेतो आहे. बादुआनजिन म्हणतात याला, आठ हालचालींची जुनी चिनी कसरत. पहिलीत हात वर, दुसरीत डावीउजवीकडे धनुष्य ताणायचं, आठवीत टाचा उचलून धप्पकन खाली सोडायच्या. ती संपली की ताई चीचे पहिले काही पवित्रे. तिथे सगळं काम वजनाचं. एका पायावर वजन पूर्ण न्यायचं, दुसरा पूर्ण रिकामा करायचा आणि मगच उचलायचा. भरलेला पाय, रिकामा पाय.

तुमचा उजवा गुडघा भरला की कळ येते. डाळिंबाची आळी उकिडवं बसून खुरपण्यात त्याची उमर गेली आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले: बारा आठवड्यांची ताई ची नेहमीच्या फिजिओथेरपीइतकीच उपयोगी पडली. हे लेकीनं तुम्हाला वाचून दाखवलं आणि हा व्हिडिओ लावून दिला. गुडघ्यासाठी म्हणून तुम्ही आलात. आठ-पंधरा दिवसांत दुसरंच काही लागलं हाताला: तळव्यांत येणारी ऊब, बोटांच्या टोकांना होणारी झिणझिण, डोक्यातला बाजार थोडा वेळ उठल्याची भावना. फोनमधला माणूस याला ‘ची’ म्हणतो. श्वास बेंबीखाली तीन बोटांवर न्या, दांत्येनला, असं सांगतो.

तुम्ही डोळे मिटता. श्वास खाली जातो. आणखी खाली.

हवा ओलसर होते. लाखेचा उग्र वास येतो. डोळे उघडता तर समोर रेशमाचा लांब तुकडा पसरलेला आहे आणि एक हात त्यावर कुंचल्यानं माणसं काढतो आहे. चार ओळी, एकेका ओळीत अकरा, एकूण चव्वेचाळीस माणसं. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारे आहेत, पोरसवदा आहेत. काहींच्या अंगात पायघोळ झगे, काही कमरेच्या वर उघडे. कुणी अस्वलाची चाल चालतंय, कुणी पाखरासारखं अंग ताणतंय, एकानं लांब काठी हातात घेऊन कमर वाकवली आहे. आकृत्यांशेजारी बारीक अक्षरं आहेत. ही इसवी सनापूर्वी १६८च्या आगेमागेची चांगशा नगरी आहे, चीनच्या दक्षिणेत. तिथली अक्षरं तुम्हाला एरवी लागली नसती, पण अशा प्रवासात तेवढी सवलत असते. एका आकृतीपाशी लिहिलंय की ही हालचाल गुडघ्याचं दुखणं बाहेर ओढण्यासाठी आहे.

तुम्ही खाली वाकून त्या माणसाकडे बघत राहता. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि दुखणं तुमचंच.

हे रेशीम लवकरच घडी घालून लाखेच्या पेटीत जाईल. पेटी एका उमरावाच्या तरुण मुलाच्या थडग्यात जाईल आणि मावांगद्वीच्या टेकाडाखाली राहील. १९७३ साली ती उघडेल तेव्हा रेशमाचे तुकडे झालेले असतील आणि ते जुळवायला जाणत्या माणसांना बराच काळ बसावं लागेल. मला या चित्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की तिथे ऊर्जेची भाषा आहे आणि तिच्या मांडीला मांडी लावून गुडघाही आहे. आंतरिक संतुलन म्हणजे शरीराच्या वर कुठेतरी तरंगणारी गोष्ट, असं या लोकांना वाटत नव्हतं. माणूस दुखऱ्या जागेपासून सुरुवात करायचा.

कुंचला पाण्यात बुडतो. दूरवर शिटी वाजते. इंजिनाची शिटी, आणि ती चांगशात वाजणं शक्य नाही.

पुन्हा सांगोला. पण रूळ जवळजवळ आले आहेत, मधलं अंतर जेमतेम अडीच फूट. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरकडून येऊन धापा टाकत उभी आहे, मिरजेला जाणारी. हा फाटा १९२७ साली सुरू झाला, आणि आता १९३९चा जानेवारी सरतो आहे. थंडी हाडात शिरणारी. स्टेशनाबाहेर एक बैलगाडी जुंपलेली आहे. बैल खिलार, पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे. आटपाडी महालाच्या पैदाशीचे आहेत हे गाडीवान तुम्ही न विचारता सांगतो.

“कुटं जायाचं?”

“आटपाडीला.”

“संस्थानात? चला की पावनं. म्या बी तिकडलाच.”

सांगोला खालसा मुलूख, म्हणजे इंग्रजांचा. पश्चिमेला माणगंगेच्या काठानं गेलं की नाझरे लागतं, हरिविजय आणि पांडवप्रताप लिहिणाऱ्या श्रीधर कवींचं गाव. त्याच्या पुढे हद्द ओलांडली की औंध संस्थान. संस्थान म्हटल्यावर डोळ्यांपुढे मोठा नकाशा येतो, पण औंध म्हणजे बहात्तर गावं आणि तीही सलग नाहीत: औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, गुणदाळ पार विजापुराकडे आणि आटपाडीचा महाल इथे, माणदेशात. रात्रभर चाकांचा आवाज, नदीच्या कोरड्या वाळूत मधूनच खचणारं चाक. पाणी वाळूखाली असतं, गाडीवान सांगतो. झरा उकरला की मिळतं.

तुम्ही पहाटे पोहोचता. आज रथसप्तमी. अंगणांत शेणाच्या गोवऱ्या पेटल्या आहेत, त्यावर बोळक्यात दूध ठेवून बाया ते पूर्वेला उतू जायची वाट बघताहेत. शाळेच्या पटांगणात पोरं ओळीनं उभी आहेत, लंगोट आणि उघडी अंगं, छातीवर काटा आलेला. गुरुजी तुमच्याकडे एकदा बघतात. संस्थानात नवा माणूस आला तर दोनच शक्यता: तो औंधाचं नवं राज्य बघायला आला असेल, नाहीतर नमस्कार बघायला.

नव्या राज्याचं कौतुक ताजं आहे. २१ जानेवारीला, म्हणजे याच आठवड्यात, श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता रयतेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला आहे, राजपुत्र अप्पासाहेबांची खटपट आहे आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनियराची लेखणी आहे. राजानं आपण होऊन राज्य सोडायचं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण तुम्ही आलात ते दुसऱ्यासाठी.

“पावनं, हुबं ऱ्हाताय का वळीत?” शेवटचा पोरगा विचारतो. तुम्ही सदरा काढून त्याच्या शेजारी उभे राहता.

गुरुजी बीजाक्षर उच्चारतात. ह्रां. मग सूर्याचं पहिलं नाव, मित्र. सगळ्या पोरांचा आवाज एकत्र येतो आणि तुम्हाला तो कानांच्या आधी छातीत लागतो. ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः अशी सहा अक्षरं, सूर्याची बारा नावं, आणि फेरा पंचविसांचा. वाकताना श्वास सोडायचा, छाती वर उचलताना घ्यायचा. मधोमध साष्टांग: कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन चवडे, आठच जागा जमिनीला लागू द्यायच्या. पोट उचललेलं. शेजारच्या पोराचं पोट आपोआपच उचललेलं आहे, कारण ते पाठीला लागलंय.

पहिले चार-पाच तुम्ही त्यांच्याबरोबर काढता. सहाव्याला दम लागतो, आणि मग सवयीनं तुमचं अंग ताई चीच्या चालीवर येतं. पाय मागे न्यायच्या आधी तुम्ही वजन दुसऱ्या पायावर पूर्ण नेता. तो भरतो, हा रिकामा होतो, मग मागे सरकतो. हात जमिनीला लागण्याआधी श्वास बेंबीखाली उतरलेला असतो. ओळीतल्या पोरांचे तीन होतात तेव्हा तुमचा एक. गुरुजी जवळ येऊन थांबतात. रागावतील असं वाटतं, पण ते खाली बसून तुमचा मागचा पाय बघतात.

“हे कुठं शिकलात?”

“चीनकडचं आहे.”

“सावकाश घालायला ताकद जास्त लागते,” ते म्हणतात. “पोरांना वेग आवडतो. वेगात चोरी लपते.”

खरं आहे. गतीच्या जोरावर शरीर पुष्कळ अडचणी ओलांडून जातं. सावकाश गेलं की प्रत्येक अडचणीपाशी थांबावं लागतं. तुमच्या गुडघ्याची कळ नेमकी कोणत्या कोनात सुरू होते ते या पटांगणात तुम्हाला प्रथमच कळतं: गुडघा चवड्याच्या रेषेतून आत झुकतो तेव्हा. बाहेर ठेवला तर कळ नाही.

पंचविसावा झाल्यावर पोरं धुळीनं माखलेल्या छात्यांनी उभी राहतात. तळव्यांत तीच ऊब आहे, तीच झिणझिण. तुम्ही शेजारच्या पोराला विचारता, हातात काही वाटतं का.

“मुंग्या येत्यात. रोजच येत्यात.”

त्याला ते विशेष वाटत नाही.

उन्हं वर येईपर्यंत गुरुजी ओसरीवर बसून बोलतात आणि तुम्ही ऐकता. औंधचे राजेसाहेब आता सत्तरीचे. कीर्तन स्वतः करतात, चित्रं काढतात आणि नमस्कार चुकवत नाहीत. तरुणपणी त्यांनी सँडोची साधनं आणि पुस्तकं मागवली होती. त्या जर्मन पहिलवानाच्या पद्धतीचा व्यायाम दहा वर्षं नेमानं केला. मग मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून १९०८च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यावर इंग्रजीतून पुस्तक लिहिलं, चित्रपट काढवला. १९३६ साली ते विलायतेला गेले तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्याकडून ही पद्धत समजून घेतली आणि गेल्याच वर्षी, १९३८ साली, तिथे त्यांचं पुस्तक संपादून काढलं. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे आहेत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात आणि तुम्हाला काही गोष्टी ठाऊक आहेत. फोनमधला माणूस ज्या चोवीस पवित्र्यांची ताई ची शिकवतो ती या सकाळी अस्तित्वातच नाही. जुन्या लांबलचक यांग घराण्याच्या संचातून निवडून, जुळवून ती १९५६ साली चीनच्या क्रीडाखात्यानं बांधून घेतली, कारखान्यात आणि शाळेत सगळ्यांना करता यावी म्हणून. श्वास, मन आणि हालचाल यांच्या साधनांना चिगाँग हे एक नाव सरसकट लागलं तेही त्याच दशकात. ल्यू क्वेईचन नावाच्या कार्यकर्त्याचं पोटाचं जुनं दुखणं हेबेई प्रांतात एका गावठी श्वाससाधनेनं बरं झालं. त्यानं तिच्या उपचारांची केंद्रं उभारली आणि १९५७ साली पुस्तक छापलं. सूर्याला नमस्कार घालणं आपल्याकडे फार जुनं, तालमीत ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पण या पटांगणातली ही ओळ, हा फेरा, हा शाळेचा तास, हे सगळं एका राजाच्या हयातीतलं आहे. मूळ जुनं असतं, घडण मात्र दर वेळी कुणीतरी नव्यानं करतं, आणि बहुधा जवळच्या गरजेपोटी करतं. मला यात कमीपणा दिसत नाही. कुणी घडवली नसती तर ही साधना रेशमाच्या तुकड्यांवर राहिली असती आणि इथल्या पोराच्या तळव्यांत मुंग्या आल्या नसत्या.

गुरुजींना चीनबद्दल ऐकायचं आहे. तिथे लढाई पेटली आहे हे त्यांना माहीत आहे. सोलापूरचा तरुण डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस गेल्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून निघाला. या दिवसांत तो येनानच्या वाटेवर आहे. पुढे तो हेबेईच्या डोंगरांत जखमींवर शस्त्रक्रिया करत राहील, बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख होईल, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न करेल, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच जाईल. हे तुम्ही गुरुजींना सांगत नाही. एवढंच म्हणता, की ज्या मुलखातून तुम्ही हे सावकाश चालणं उचललं, त्या मुलखाला आमच्या सोलापूर जिल्ह्यानं आपला एक माणूस दिला आहे.

“मग देणंघेणं बरोबरीचं झालं,” गुरुजी म्हणतात.

तुम्ही त्यांना बीजाक्षरांचं विचारता. राजेसाहेबांचं म्हणणं असं की या अक्षरांचे कंप छातीत, घशात, टाळूत पोहोचतात आणि आतली इंद्रियं जागी करतात. फोनमधल्या माणसाचं म्हणणं असं की ची दांत्येनपासून निघून नाड्यांतून फिरते. ची कोणत्याही यंत्रावर अजून उमटलेली नाही. तरीही मला दोन्ही बोलण्यांचा आदर वाटतो, कारण दोन्ही साधकाला एकच काम लावून देतात: लक्ष शरीराच्या आत न्या आणि तिथे टिकवा. श्वास लांबला की नाडी मंदावते, खांदे उतरतात, रक्त हातापायांत पोहोचतं, ते कुणीही आपल्या अंगावर पडताळून बघावं. पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. तोल हा शब्द तिथे अगदी पायापुरता होता. तोही पुरेसा मोठा आहे. म्हातारपणी मोरीत पडलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारा.

“सक्ती नसती तर पोरांनी केले असते?” तुम्ही विचारता.

गुरुजी उत्तर देत नाहीत. उत्तर तुम्हाला माहीत आहे. ८ मार्च १९४८ रोजी औंध विलीन होईल, सक्ती उठेल आणि बऱ्याच पटांगणांवरून हा तास निघून जाईल. ज्यांच्या अंगात मुरले त्यांनी म्हातारपणापर्यंत घातले. सक्तीनं सवय लागते, पण गोडी लावायला माणूस लागतो, आणि इतक्या शाळांना पुरतील इतके गुरुजी कुठल्याच राजाकडे नव्हते. आणखी एक उणीव होती, ती मला जास्त सलते. हा दुष्काळी मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त मास्तर धनगरांच्या वाडीत तालीम उभी करतो आणि पुढे दुष्काळ अख्खी वाडीच उठवून नेतो. ऊर्जा वाहायची तर आधी पोटात हवी. पाठीला लागलेल्या पोटानं घातलेला नमस्कार मी विसरू शकत नाही, आणि प्राण, ची, संतुलन यांविषयी बोलताना तो डोळ्यांपुढे ठेवावा असं मला वाटतं.

दुपारी तुम्ही परत निघता, पायी. माणगंगेच्या पात्राकडेला मेंढरं पसरली आहेत आणि त्यांच्यामध्ये एक धनगर उभा आहे. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, काठी काखेत टेकवलेली, एक पाय दुसऱ्या पायाच्या गुडघ्याला लावलेला. हलत नाही. चांगशाच्या रेशमावरचा काठीवाला तुम्हाला आठवतो. तुम्ही थोडं अंतर ठेवून थांबता आणि फोनमधल्या माणसानं शिकवलेला, झाडासारखं उभं राहण्याचा पवित्रा घेता: हात छातीसमोर गोल, गुडघे सैल.

बऱ्याच वेळानं तो म्हणतो, “काय करताय, पावनं?”

“उभं राहायला शिकतोय.”

तो हसत नाही. जवळ येतो, दोन बोटांनी तुमच्या खांद्याला ढकलतो. तुम्ही कलता.

“गुडग्यात हुबं ऱ्हायलाय तुमी,” तो म्हणतो. “टाचंत जावा. कंबर सोडा. आन्‌ डोळं मिटू नगा, म्हंजी पडाल.”

तुम्ही टाचेत जाता. कंबर सोडता. तो पुन्हा ढकलतो, आणि या वेळी धक्का खांद्यातून पाठीत, पाठीतून मांडीत आणि मांडीतून जमिनीत निघून जातो. गुडघ्यात कळ नाही.

“तुम्ही कुठं शिकलात?”

“शिकतंय कोन? दीसभर हुबंच ऱ्हायाचं असतंय. बाचं बघिटलं.” मग थोडं थांबून, “आन्‌ गजीत.”

गजी म्हणजे यांचा नाच. ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरायचं, हातात रुमाल, आणि पावलं सगळ्यांची एकदम, आत-बाहेर, एक पाय ठेवून दुसरा उचलत. तो तुम्हाला चार पावलं करून दाखवतो. सुरुवातीची चाल संथ असते, ढोल चढला की वाढते. तुम्ही त्याच्या पायांकडे बघता. पाऊल टेकलं की आधी तो ते भरतो, मागचं रिकामं झाल्याशिवाय उचलत नाही. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. सांगोल्याच्या आसपासच्या वाड्यांतून ही रिंगणं तुमच्याही काळात चालतात, आणि व्हिडिओ बघून शिकणाऱ्या तुम्हाला तिथे जाऊन एकदा उभं राहावंसं कधी वाटलं नव्हतं.

“डोळे का मिटायचे नाहीत?” तुम्ही विचारता. “आमच्याकडं मिटूनच सांगतात.”

“मेंढरं कोन बघंल मग?”

त्याचं लक्ष एकाएकी पलीकडे जातं. एक कोकरू बाभळींच्या आडून नाझऱ्याच्या वाटेला लागलं आहे. तो काठी उचलतो, घोंगडी तुमच्या खांद्यावर टाकतो. “हितंच हुबं ऱ्हावा. त्या काळ्या मेंढीवर नजर ठिवा, ती गेली की समदी जात्यात,” असं सांगून झपाझप निघतोही. काळी मेंढी मान वर करून तुमच्याकडे बघते आणि एक पाऊल बांधाकडे टाकते. तुम्ही टाचेत जाता, कंबर सोडता आणि तिला हाक मारता.